गीता १२.१५ : शेवटी पोचणाऱ्याची विश्रांती



बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत. आजच्या श्लोकातलं लक्षण दुहेरी आहे: त्याच्यामुळे कुणाला उद्वेग होत नाही, आणि कुणामुळे त्याला उद्वेग होत नाही. आपण बहुतेक जण दुसरं अर्धं उचलतो. मेडिटेशनचं ॲप, कानात हेडफोन, ‘मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य, सगळं त्याच्यासाठीच. पण क्रम बघा. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काय होतंय, हे आधी आलंय.

हे पहिलं अर्धं घरी एकट्यानं बसून तपासता येत नाही. त्याला संगत लागते, तीही चोवीस तासांची.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण नागपूरहून शेगावला सायकलनं निघालो. सुमारे तीनशे किलोमीटर, तीन दिवस. कोंढाळीनंतर हायवेवर कारंजा (घाडगे) लागतं. (दत्तभक्तांनो, नृसिंह सरस्वतींचं कारंजा ते वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा लाड. हे वर्ध्याचं, संत्र्यांचं.) पुढचे चौघं अर्धा तास आधी पोचले होते. चहा झाला, संत्री झाली, पाय पसरून झाले. सगळ्यात मागे पन्नाशीतले एक भाऊ, आणि त्यांच्यासोबत मी, कारण मागे कुणीतरी राहायचं असं ठरलं होतं. भाऊंनी सायकल भिंतीला टेकवली, तोवर पुढचे हेल्मेट घालून उभे! “चला भाऊ, निघायचं?”

कुणी चिडलेलं नव्हतं, सगळे हसतमुख. पण हिशोब मांडा. जो सगळ्यात दमलेला, त्याला सगळ्यात कमी विश्रांती. आणि हे सकाळपासून प्रत्येक थांब्यावर. भाऊ शांतपणे म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. मी एसटीनं परत जातो. माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागून राहिलं.”

आता सांगा, उद्वेग कुणी दिला? ज्या चौघांनी दिला त्यांची मनं अगदी शांत होती. म्हणजे स्वतः शांत असणं हा पुरावा होत नाही. आणि भाऊ? ‘आपला त्रास नको’ म्हणून गुपचूप निघून जाणं मला तरी या श्लोकात बसलेलं दिसत नाही. मागे राहिलेल्या आठ जणांना ते शेगावपर्यंत टोचलं असतं.

वारीत यावर फार सुंदर सोय आहे. माउलींच्या पालखीत मुक्कामावर समाज-आरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, तिढा सोडवतात. तक्रारीला आरतीच्या आधी जागा दिलीय! लाखो वारकरी एकत्र चालायचे तर हे लागतंच. आपल्याला नऊ जणांत जमत नाही.

आणखी एक. याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ सायकल यात्रा काढली. शंभराहून जास्त तरुण-तरुणी, पाच हजार किलोमीटर. बाबा सत्तरीचे, पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसताच येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. यात्रेतला सगळ्यात मोठा माणूसच सायकलवर नव्हता, आणि म्हणून तो कुणाला ओझं वाटला असेल?

भाऊंना मी हे सांगितलं. ते हसले, संत्रं सोलायला बसले. तिथेच दोन गोष्टी ठरल्या: विश्रांतीचं घड्याळ शेवटचा पोचल्यावर सुरू होणार, आणि ‘चला’ फक्त भाऊ म्हणणार. घोरणं, पहाटे चारचे अलार्म, नऊ फोनांना एकच प्लग, ही भांडणं मग रात्री जेवतानाच मिटत गेली.

श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत ‘अमर्ष’ शब्द आहे, म्हणजे दुसऱ्याचं सहन न होणं. तिसऱ्या दिवशी बाळापूरजवळ भाऊंनी तब्बल चाळीस मिनिटं ‘चला’ म्हटलं नाही. आमच्यातला सगळ्यात वेगवान पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन घड्याळ बघत होता. अमर्ष चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण बसून राहिला.

उद्या श्लोक १६. जय गजानन!