जो मागत नाही, त्याचे काय?

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने जीवन संपवले की शासनाची पावले त्याच्या घराकडे वळतात. तलाठी येतो, पोलीस येतात, कागद गोळा होतात. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, याची चौकशी होते. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती त्या मृत्यूला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरला तर १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. २००६पासून ही रीत चालत आली आहे. त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही, कारण उघड्या पडलेल्या घराला त्यावर काही महिने तग धरता येतो. पण तो माणूस सहा महिन्यांपूर्वी जिवंत होता. रात्र रात्र जागत होता, जेवणाचे ताट बाजूला सारत होता. तेव्हा त्याच्या दारात कोण गेले होते?

याच जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवले. दरवर्षी त्या दिवशी किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते उपवास करतात. या घटनेला आता चार दशके होत आली. एवढ्या काळात पॅकेजे आली, मिशन आले, पंतप्रधानांचा दौरा झाला. तरी आपल्या मदतीचा एक स्वभाव बदललेला नाही: ती मागणाऱ्याची वाट पाहते. दवाखाना उघडा आहे, ज्याला गरज असेल त्याने यावे, केसपेपर काढावा, रांगेत बसावे. मोडलेल्या पायासाठी हे चालून जाते. नैराश्याचे तसे नाही. हा आजार आधी माणसाची मागण्याची ताकदच काढून घेतो. आपल्यामुळे घराला त्रास होतोय, आपल्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, असे ज्याला आतून वाटते, तो रांगेत उभा राहीलच कसा? म्हणून ज्याला सगळ्यांत जास्त गरज, तोच सगळ्यांत शेवटी पोचतो किंवा पोचतच नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. हा देशाचा हिशेब आहे.

इकडच्या गावात कुणी ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. ‘टेन्शन हाय’ म्हणतो. झोप लागत नाही, डोकं जड राहते, कशातच मन लागत नाही, असे सांगतो. ही तक्रार घेऊन तो आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो आणि सलाईन लावून परत येतो. मग घरातले म्हणतात, बाहेरचे काही असेल. भगताकडे एक फेरी होते. तिथे पैसे आणि महिने दोन्ही जातात. शेवटी कुणी जिल्हा ठिकाणी जायला सांगितले, तर उमरखेडच्या माणसासाठी यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब आहे. सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. औषध महिन्याचे मिळते, पुढच्या महिन्यात नेमकी कापसाची वेचणी असते. थोडे बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात, आणि मग ‘गोळ्यांनी काही फरक पडत नाही’ असे ठरून जाते. या साखळीत एकही कडी अशी नाही की जिथे माणूस मूर्ख ठरावा. तो आपल्या खिशाचा आणि हंगामाचा हिशेब अगदी बरोबर मांडत असतो.

झरी जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, आणखी एक भिंत उभी असते, भाषेची. कोलामीत, गोंडीत किंवा बंजारा तांड्यावरच्या गोरमाटीत ज्याने आयुष्य काढले, त्याने आपल्या आतली मोडतोड परक्या माणसासमोर प्रमाण मराठीत सांगावी, ही अपेक्षाच क्रूर आहे. ताप परक्या भाषेत सांगता येतो. पोर गेल्याचे दुःख सांगता येत नाही.

राज्य शासनाने २०१५मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. त्यामागची कल्पना मला मनापासून पटते: आशाताईने घरोघरी जायचे, ठरलेले प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस ओळखायचा आणि त्याला जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकापर्यंत, मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवायचे. मागण्याची वाट न पाहणारी ही मदत आहे. पण हे काम आपण कुणाच्या खांद्यावर टाकले? गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, अशी कामामागून कामे करणाऱ्या, पगाराऐवजी मोबदल्यावर राबणाऱ्या बाईच्या. तिला एका घरात दहा मिनिटे मिळतात. शिवाय ती त्याच गावची असते. तिच्याजवळ बोलले तर भावकीत कळेल, पोरीच्या सोयरिकीला अडचण येईल, ही धास्ती खोटी नाही. तिला सांगितलेले गुपित राहील याची खात्री गावाला देणे हे तिच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.

असे काम होऊ शकते याचा पुरावा शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून लोकांशी बोलायला, धीर द्यायला, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायला तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, पुढे ते २७.२ टक्क्यांवर गेले. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त २०१७मध्ये ही पाहणी छापून आली. झिम्बाब्वेत तर शिकवून तयार केलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून लोकांचे ऐकून घेतात. म्हणजे प्रत्येक गावाला मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रागाने येतो: कापसाला भाव द्या, समुपदेशन कसले करता? हा राग खरा आहे. दुबार पेरणीचे कर्ज गोड बोलण्याने फिटत नाही. शेतीच्या प्रश्नाला मनाचा आजार म्हणून मोकळे होणे हा अन्यायच ठरेल. पण भाव मिळेपर्यंत त्या माणसाला जिवंत राहायचे आहे. निमोनिया झालेल्या मुलाला ‘आधी घराची गळती थांबू दे’ असे आपण म्हणत नाही. शिवाय ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराचे काय? २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणारे कितीतरी होते. कापसाचा भाव त्यांच्या हाती येणारच नव्हता.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७मध्ये झाला. सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा त्यात प्रत्येकाचा हक्क मानला आहे. स्वतःचा जीव घेऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य, असेही तो कायदा सांगतो. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करून कुणालाही बोलता येते. वाचकांनी तो लिहून ठेवावा, आणि घरातले कुणी गप्प गप्प झाले असेल तर त्याच्या हाती नुसता क्रमांक न देता स्वतः फोन लावून त्याच्या शेजारी बसावे.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने त्या मंचावरून मागे उरलेल्या एकट्या बाईचे जगणे मांडले. मंडपाने टाळ्या वाजवल्या. चौकशीच्या कागदांत मात्र त्या बाईला जमीन, कर्ज आणि नापिकी यांविषयीच विचारले जाते. ती झोपते का, पोरगा शाळेत जातो का की बापाच्या जागी कामाला लागला, हे कुणी विचारत नाही. ज्या घरातून एक माणूस असा गेला, त्या घरातल्या इतरांनाही धोका असतो, हे मानसोपचारतज्ज्ञ कधीपासून सांगत आले आहेत. तेव्हा यवतमाळच्या प्रशासनाने एवढे तरी लगेच करावे: घरी चौकशीला जाणाऱ्यांच्या मागोमाग, तेरवीच्या आत, प्रेरणाचा समुपदेशक त्या घरी जावा, प्रकरण पात्र ठरो वा अपात्र, वर्षभर दर महिन्याला जावा, आणि पोडावर किंवा तांड्यावर जाताना तिथली भाषा बोलणारे माणूस पगार देऊन सोबत न्यावे.