भावना, वासना आणि यण्णीमज्जन

संक्रांतीच्या तोंडावर एके दिवशी सकाळी सोलापूरच्या बाळीवेशीतून, हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले तरुण ते उंच ध्वज तोलत शहरभर विखुरलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. सिद्धेश्वराच्या यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा, हा पहिला दिवस. नाव यण्णीमज्जन, कारण कानडीत ‘एण्णे’ म्हणजे तेल. त्या दिवशी गल्लीत शिरलं की आधी येतो तो तेलाचाच जडसर वास. मग खोबरं-लिंबांच्या हारांचा, विभूतीचा, चुरगळलेल्या झेंडूचा आणि खांद्यावर ओझं घेऊन चाललेल्या माणसांच्या घामाचा.

हा वास बाटलीत भरता येईल का?

प्रश्न वाटतो तितका चक्रम नाही. धर्मविधींच्या गंधांवर महागडी अत्तरं बेतण्याचा उद्योग पश्चिमेत चांगला रुळला आहे. रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या फॅशन-घराण्याने २००२मध्ये धूप या एकाच विषयावर पाच सुगंध काढले. त्यातल्या ‘आव्हिन्यों’ला कॅथलिक चर्चच्या गार दगडाचा आणि ऊदाचा वास येतो, तर एकाचं नाव चक्क ‘जैसलमेर’ आहे. इटलीचा फिलिप्पो सोर्चिनेल्ली पोपसाठी धर्मवस्त्रं शिवतो. त्या वस्त्रांना द्यायचा गंध पुढे ‘लाव्स’ नावाने बाजारात आला. ‘परफ्यूम’ या शब्दाचं लॅटिन मूळच मुळी ‘धुरातून’ असं आहे, तेव्हा ही मंडळी एका अर्थी घरीच परतली म्हणायची. फक्त त्यांची निवड सोयीची असते. धूर चालतो, राळ चालते, चंदन तर चालतंच. उन्हात तापलेलं तेल आणि घाम मात्र कुणी घेत नाही.

अशा अत्तरांच्या जाहिरातीत ‘भावना’ हा शब्द हमखास असतो, आणि इथे मराठी वाचकाने थोडं थांबावं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९४०च्या दशकात गंगाधराचा ‘गंधसार’ हा संस्कृत ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला. त्याच्या जोडीला होता ‘गंधवाद’, तोही मराठी टीकेसह! म्हणजे सुगंध कसे करावेत हे मराठीत समजावून सांगणारा कुणीतरी काही शतकांपूर्वी होऊन गेला. हे ग्रंथ १९८९मध्ये बडोद्याहून छापून आले. गंधसाराने सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्ण सुगंधी द्रवात भिजवणं. वैद्य आजही औषधाला ‘भावना देतात’ ती हीच. वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून द्रव्यात त्यांचा वास उतरवणं. मनातली भावना आणि वासना हे अत्तरवाल्याच्या खलबत्त्यातल्या शब्दांचे सख्खे भाऊबंद आहेत, हे भाषेने जपून ठेवलं, आपणच विसरलो.

भिजवायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं. एका पुटाने काम होत नाही. मनालाही गंधाची भावना अशीच पुन्हा पुन्हा द्यावी लागते. परदेशी बाटलीशी सोलापूरचं भांडण असलंच तर ते इथे आहे. आव्हिन्योंचा धूर लहानपणी रविवारच्या प्रार्थनेत ज्याच्या नाकात बसलेला असेल त्याला ती बाटली हलवून सोडेल. इतरांना ती नुसतीच छान वाटेल.

या मुलखाला सुगंधाचं शास्त्र परकं नव्हतं. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात विलेपनभोग आणि धूपभोग असे स्वतंत्र अध्याय आहेत आणि कुठल्या ऋतूत अंगाला कसली उटी लावावी याचा चोख विचार आहे. ज्यांचा हा गड्डा, ते सिद्धेश्वर अर्थात सिद्धरामेश्वरही त्याच शतकातले. राजाचा तो भोग आज याच जिल्ह्यात देवाच्या वाट्याला आला आहे: पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. बाहेर पारा चाळिशीपार असतो, तेव्हा चंदन आधी गारवा म्हणून येतं, सुगंध नंतर. बुक्क्याचंही तसंच. कोळशाच्या पुडीत नागरमोथा, वाळा, दवणा असली द्रव्यं मिसळून केलेली ती काळी भुकटी वारकरी एकमेकांच्या कपाळी लावतात. मनगटावर फवारून स्वतःच हुंगायचं अत्तर आणि दुसऱ्याच्या बोटाने कपाळावर आलेला बुक्का यांत किमतीपेक्षा मोठं अंतर आहे.

इकडे सोलापुरात गड्ड्याच्या दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी आख्यायिकेतल्या कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. तिसऱ्या रात्री होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, तीच कुंभारकन्या मानून अग्नी दिला जातो. कडबा आणि शालू एकत्र जळतानाचा तो उग्र धूर कुठल्याही बाटलीवाल्याने नाकारला असता. जवळच यात्रेतले पाळणे फिरत असतात आणि भज्यांचे घाणे निघत असतात.

त्याच रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात आणि त्याच्यापुढे धान्य, गूळ, गाजर, खोबरं, पानसुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, काय नुसतं हुंगून सोडतं, यावरून येत्या वर्षाचे भाव सांगायचे असतात. वासरू मान खाली घालतं, तशी भोवतालची माणसं माना पुढे काढून त्याच्या नाकाकडे बघत राहतात.