मागच्या महिन्याची गोळी

दिवाळीचा फराळ संपत आला की कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी कुत्री फिरवायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "पाऊस संपला, डासबी कमी झाल्यात. हार्टवर्मची गोळी आता बंद केली तर चालंल न्हवं?" प्रश्न जिव्हाळ्याचा असतो. पाऊस थांबला की छत्री माळ्यावर टाकायची, तशी डास गेले की गोळी थांबवायची, असं वाटणं साहजिक आहे. पण या गोळीची रीत छत्रीसारखी नाही, आणि ती रीत कळली की प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडतं.

आज कुत्र्याला गोळी दिली म्हणजे येत्या महिन्यात डास चावला तरी हार्टवर्म, म्हणजे हृदयकृमी, अंगात शिरणार नाही, असं आपण समजतो. खरं तर नेहमीची तोंडी गोळी काही दिवसांतच अंगातून निघून जाते. ती काम करते ते मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्यांवर. तिची जात कुंपणाची नाही, केरसुणीची. आज दिलेली गोळी गेल्या तीस दिवसांचा केर काढते. उद्या चावणाऱ्या डासाचा हिशेब पुढच्या महिन्याच्या गोळीकडे.

असं का, हे त्या कृमीच्या चालीत आहे. डास चावतो तेव्हा त्याच्या सोंडेतून अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या भोकातून आत सरकतात. लगेच रक्तात जात नाहीत. कातडीखाली, स्नायूंत मुक्काम करतात, कात टाकतात. याच मुक्कामात त्या कोवळ्या असतात आणि औषधाचा अगदी इवलासा डोसही त्यांना मारतो. साधारण पन्नास दिवस उलटले की त्या पुन्हा कात टाकून मोठ्या होऊ लागतात, रक्तवाहिन्यांत शिरतात आणि हृदयाकडून फुप्फुसांत जाणाऱ्या धमन्यांमध्ये ठाण मांडतात. मग महिन्याच्या गोळीचा भरवसा उरत नाही. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढलेली मादी तीस सेंटिमीटरपर्यंत लांब होते आणि कुत्र्याच्या अंगात पाच ते सात वर्षं जगू शकते. खोकला, चार पावलांत धाप, वाळत जाणं हे सारं त्यानंतरचं.

त्या अवस्थेत उपाय आहे, पण तो सोसणं कठीण. आर्सेनिकपासून बनवलेल्या औषधाची इंजेक्शनं द्यावी लागतात आणि मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे हलू न देता बांधून ठेवावं लागतं. धावणं हाच ज्याचा श्वास, त्या कारवानी कुत्र्याला असं ठेवून बघा. मांजराला तर हे औषध देताच येत नाही.

रक्ततपासणीही अशीच मागे बघणारी आहे. ती वयात आलेल्या मादीचा माग काढते. म्हणजे आज रिपोर्ट स्वच्छ आला तर तो साधारण सहा महिन्यांपूर्वीपर्यंतची ग्वाही देतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी तपासणी आणि वर्षभरानं पुन्हा तपासणी, हा पशुवैद्यांचा आग्रह मला पटतो. रक्तात आधीच कृमींच्या सूक्ष्म पिल्लांचा सुळसुळाट असेल तर गोळीनं ती एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो.

तपासणीला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. खऱ्या हृदयकृमीच्या नोंदी भारतात ईशान्येकडून जास्त आहेत. दक्षिणेत आणि पश्चिमेत त्याचा भाऊबंद, कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रिपेन्स, अधिक सापडतो. तोही डासांतूनच पसरतो आणि कधीकधी माणसाच्या डोळ्यातही निघतो. दोघांची पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली सहज एकमेकांसारखी वाटतात. आपल्या कुत्र्यात काय आहे, कोणतं औषध लागेल, हे डॉक्टरनंच ठरवायचं.

आणि गोठ्यातली बाटली कुत्र्यासाठी उघडायची नाही. कोल्हापूर दुधाचा जिल्हा. गोचीड-जंतांसाठी आयव्हरमेक्टिन घरोघरी असतं. औषध तेच, पण हृदयकृमी रोखायला कुत्र्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं आणि गाईला २०० मायक्रोग्रॅम. कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या तर मेंदूतच हे औषध शिरतं. अंदाजानं टोचलेल्या सुईनं जीव जाऊ शकतो.

आता दिवाळीनंतरचा प्रश्न. मागचा महिना झाडायचा तर शेवटच्या डासानंतरही एक गोळी लागणारच. पण कोल्हापुरात शेवटचा डास कधीचा? जयंती नाल्याचं घाण पाणी बारा महिने वाहतं, घराघरांत पाण्याची पिंपं भरलेली असतात. एका जातीचे डास घाण पाण्यात वाढतात, दुसऱ्या जातीचे साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि दोन्ही जाती हा कृमी वाहू शकतात. डासाच्या पोटात अळी तयार व्हायला ऊब लागते. तीही इथे बहुतेक वर्षभर मिळते. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर साचलेली डबकी आपण पाहिलीच आहेत. म्हणून माझं उत्तर, थांबवू नका.

राहिली तारीख विसरण्याची गोष्ट. महिन्याची तारीख धरली तर कधी एकतीस दिवस होतात. पौर्णिमा ते पौर्णिमा मात्र एकोणतीस-तीस दिवसच असतात. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणाऱ्या घरांना मी हेच सांगतो: वाडीला निघण्याआधी, त्याच सकाळी, कुत्र्याला गोळी.