सेकंदांची वाटणी

पोहणाऱ्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: तो पाणी किती जोराने मागे लोटतो आणि पाणी त्याला किती अडवते. शर्यतीच्या पोशाखाला हातपाय मारता येत नाहीत. त्याला जे काही साधायचे ते दुसऱ्या बाजूनेच. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि पोहणाऱ्याला ते तीन तऱ्हांनी अडवते: कातडीशी घासून, शरीराच्या उंचसखल आकारामुळे मागे भोवरे तयार करून आणि पृष्ठभागावर लाटा उठवून. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणूनच रोध पाच टक्के घटला तरी तेवढ्याच ताकदीत वेग पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच वाढतो. शंभर मीटर ४८ सेकंदांत पोहणाऱ्याला यातून पाऊण सेकंदाहून थोडे जास्त मिळते. बीजिंगला २००८ साली शंभर मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक एका शतांश सेकंदाने ठरले, हे लक्षात घेतले की पाऊण सेकंदाचे मोल कळते.

पोशाख खरोखर किती वेग देतो, हा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा पेटला. उत्तेजक द्रव्यांना उघड मुभा देणाऱ्या ‘एन्हान्स्ड गेम्स’च्या आयोजकांनी ग्रीसच्या क्रिस्टियान गोलोमेएवला फेब्रुवारीत पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहायला लावले. वेळ आली २०.८९ सेकंद. ब्राझीलच्या सेझार सिएलोने २००९ मध्ये नोंदवलेल्या २०.९१ या विश्वविक्रमाहून ती दोन शतांशांनी सरस होती. गोलोमेएवच्या शरीरात औषधे होती आणि अंगावर बंदी घातलेला पॉलियुरेथेनचा सूट. एप्रिलमध्ये तो नियमात बसणारा, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा कापडी पोशाख घालून पोहला आणि वेळ आली २०.८१. यावरून लगेच निष्कर्ष निघाला: साध्या पोशाखात माणूस आणखी वेगाने पोहला, तेव्हा सूटचा सारा गवगवा फोल होता. हा निष्कर्ष तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. माणूस एक, प्रयत्न दोन, आणि मधल्या दोन महिन्यांत शरीर, औषधे आणि सराव यांपैकी काय आणि किती बदलले याचा हिशेब घड्याळ ठेवत नाही. दोन कारणे एकत्र मिसळली असताना त्यातले एक शून्य आहे असे ठरवणे ही जुनी चूक आहे. जलतरणाने ती पूर्वी उलट्या बाजूनेही केली आहे.

म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ साली पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्ण मिळाले नव्हते. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला, पहिल्या जागतिक स्पर्धेत, त्यांनी १४ पैकी १० शर्यती जिंकल्या. त्यांच्या अंगावर कातडीला चिकटून बसणारे लायक्राचे तलम सूट होते, आणि श्रेय त्या सूटना दिले गेले. इतर देशांनीही घाईघाईने तसेच सूट आणले. माँट्रियल ऑलिंपिकला, १९७६ साली, हे सूट सर्वत्र पसरलेले होते. तरीही पूर्व जर्मन महिलांनी १३ पैकी ११ सुवर्णे नेली. बर्लिनची भिंत पडल्यावर सरकारी कागदपत्रे बाहेर आली आणि कोवळ्या मुलींना पद्धतशीरपणे हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात होत्या हे जगाला कळले. ज्यांना या गोळ्या दिल्या गेल्या त्यांच्यातल्या अनेकींनी त्याची किंमत पुढे आयुष्यभर शरीराने मोजली. सूटकडे बोट दाखवणाऱ्यांमुळे खऱ्या कारणाकडे पाहायला उशीर झाला, हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग आहे.

सूटविषयीचा दुसरा मोठा दावा शार्कच्या कातडीचा. सिडनी ऑलिंपिकपूर्वी, २००० साली, स्पीडो कंपनीने ‘फास्टस्किन’ बाजारात आणला. शार्कच्या कातडीवर दातांसारखे सूक्ष्म खवले असतात. ते पाण्याचा प्रवाह सुरळीत ठेवतात आणि त्यांच्या धर्तीवर विणलेले कापडही तसेच करील, असे त्यामागचे म्हणणे होते. कल्पना इतकी देखणी होती की पाठ्यपुस्तकांनीसुद्धा ती निसर्गाचे अनुकरण म्हणून उचलून धरली. तपासणी मात्र तिला अनुकूल निघाली नाही. हुब टूसाँ हे डच संशोधक पाण्याखाली बसवलेल्या, हाताने ढकलायच्या पट्ट्यांच्या साधनाने प्रत्यक्ष पोहताना होणारा रोध मोजत. त्यांना २००२ मध्ये या सूटमुळे रोधात सुमारे दोन टक्के फरक दिसला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो योगायोगापासून वेगळा काढता येण्याजोगा नव्हता.

त्याहून निर्णायक काम हार्वर्डच्या जॉर्ज लॉडर आणि योहानेस ओफनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे द्यायला हवे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही. त्यांनी प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. शार्क वाकत, वळत पोहतो, तेव्हा त्याच्या कातडीची परीक्षा ताठ, निश्चल पट्टीवर घेऊन काय कळणार? त्यांनी खऱ्या शार्कची कातडी लवचिक पात्यांवर चढवली, पाती यंत्राने माशाच्या शेपटीसारखी हलवली आणि ती आपल्या बळावर किती वेगाने पुढे जातात ते पाहिले. मग त्याच कातडीवरचे खवले घासून काढले आणि पुन्हा मोजले. खवले असताना वेग सरासरी १२.३ टक्के जास्त होता. धारदार रेघा असलेल्या कृत्रिम पृष्ठभागानेही ७.२ टक्के लाभ दिला. शेवटी त्यांनी फास्टस्किनचे कापड आधी सुलट आणि मग उलट बाजूने लावून तपासले. लाभ शून्य. कापडावरच्या नक्षीत खवल्यांची तीक्ष्ण कड नव्हती. खवले केवळ रोध कमी करत नसावेत, पात्याच्या कडेशी प्रवाह बदलून ते पुढे ढकलण्याच्या जोरातही भर घालत असावेत, असा या दोघांचा तर्क आहे. म्हणजे जाहिरातीने शार्ककडून उसनी घेतलेली गोष्ट कापडात आलीच नव्हती, आणि शार्कची खरी करामत जाहिरात सांगत होती त्याहून वेगळी होती. एवढ्या साध्या उपकरणाने, उलट-सुलट करून पाहण्याच्या युक्तीने, बारा वर्षे चाललेला दावा निकालात काढणे हे उत्तम विज्ञान आहे.

इथे थांबले तर सूटचा सगळा प्रकार जाहिरातबाजी ठरतो, आणि अनेक टीकाकार इथेच थांबतात. पण लॉडर यांनी तपासले ते कापड होते. २००८ साली अवतरलेली वस्तू कापडाच्या पलीकडची होती. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोने ‘एलझेडआर रेसर’ आणला. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या वाताच्या बोगद्यात त्याची कापडे तपासली होती, शिवणी धाग्याऐवजी ध्वनिलहरींनी जोडल्या होत्या आणि पोट, मांड्या यांवर पॉलियुरेथेनचे तुकडे बसवले होते. बीजिंगला २५ विश्वविक्रम झाले आणि त्यांतले बहुतेक याच सूटमध्ये. इटलीचे प्रशिक्षक अल्बेर्तो कास्तान्येत्ती याला तांत्रिक डोपिंग म्हणाले. पुढच्या वर्षी इतर कंपन्यांनी सबंध पॉलियुरेथेनचेच सूट काढले आणि रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम कोसळले. १ जानेवारी २०१० पासून बंदी आली. त्यानंतरच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, २०११ मध्ये शांघायला, विश्वविक्रम झाले दोन. एवढी घसरण सराव, आहार किंवा मनोबल यांनी समजावून सांगता येत नाही.

हे सूट काम कसे करत होते? शार्कशी त्याचा संबंध नव्हता. ते शरीराला इतके घट्ट आवळत की घालायलाच वीस-तीस मिनिटे लागत. त्यामुळे मांसल भागांची थरथर आणि उंचसखलपणा कमी होऊन आकारामुळे होणारा रोध घटे. पाणी आत शिरत नसे, हवा अडकून राही आणि शरीर पाण्यात जरा वर तरंगे. कंबर आणि पाय खाली न बुडता एका रेषेत राहत. यातला सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा थकव्याशी निगडित आहे. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात पोटाचे स्नायू थकतात, कंबर खचते आणि रोध वाढतो. घट्ट सूट ती कंबर बाहेरून धरून ठेवी. स्नायूंनी करायचे काम पोशाख करू लागला, तिथे ‘पोहतो तो माणूसच, सूट नव्हे’ हे वाक्य खोटे ठरते.

यावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो: सूटच्या काळातले विक्रम पुढे कापडी पोशाखातच मोडले, तेव्हा सूटने फारसे काही दिलेच नव्हते. उदाहरणेही आहेत. सिएलोचा रोमच्या स्पर्धेतला शंभर मीटरचा ४६.९१चा विक्रम रुमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने २०२२ मध्ये ४६.८६ वेळेने मोडला, तोही रोमच्या त्याच तलावात. पण त्याला तेरा वर्षे लागली. दरम्यान उडी मारायच्या ठोकळ्याला मागच्या पायासाठी तिरकी पाटी लागली, पाण्याखालच्या डॉल्फिन किकचे तंत्र पुढे गेले. इतकी मदत घेऊन तेरा वर्षांनी पाच शतांशांनी पुढे जाणे हा सूट निरुपयोगी असल्याचा पुरावा होत नाही. तो सूट किती देत होता याचा पुरावा आहे. महिलांच्या दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये चीनच्या ल्यू झिगेने २००९ मध्ये २ मिनिटे १.८१ सेकंदांची नोंद केली. या पिढीतली असामान्य जलतरणपटू समर मॅकिंटॉश २०२५ मध्ये सिंगापूरला २:०१.९९ पोहली आणि तरीही मागेच राहिली.

मात्र सूट वेग देतो एवढे सिद्ध करून प्रश्न संपत नाही. तो कोणाला किती देतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोनशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये सापडते. बीजिंगला मायकेल फेल्प्स १:४२.९६ पोहला, तर जर्मनीचा पॉल बीडरमान १:४६.०० वेळेसह पाचवा आला. रोमला बीडरमान अरेना कंपनीच्या पॉलियुरेथेनच्या सूटमध्ये होता, फेल्प्स एक वर्ष जुन्या एलझेडआरमध्ये. बीडरमान १:४२.००, विश्वविक्रम. फेल्प्स १:४३.२२. शांघायला दोघेही कापडी पोशाखात होते: फेल्प्स १:४४.७९, बीडरमान १:४४.८८. सूट उतरल्यावर फेल्प्सचे दीड सेकंदाहून थोडे जास्त गेले, बीडरमानचे जवळजवळ तीन. मधल्या काळात फेल्प्सचा सराव ढिला पडला होता, हे धरले तर सूटच्या वाट्याचा फरक आणखीच रुंद होतो. बीडरमानने स्वतः रोममध्येच सूटचा वाटा मान्य केला आणि फेल्प्सला सूटविना हरवण्याची इच्छा बोलून दाखवली. तो प्रामाणिकपणा त्याच्या विक्रमाहून मोठा आहे. सूट सर्वांना सारखाच हात देत असता, तर तो सर्वांना मिळाला की न्याय झाला असे म्हणता आले असते. पण ज्याचे शरीर पाण्यात आधीच सरळ राहते त्याला तो कमी देतो, ज्याची कंबर बुडते त्याला जास्त. शर्यतीचा क्रम मग कौशल्याऐवजी शरीर आणि सूट यांच्या जुळणीवर ठरू लागतो.

पैशाची बाजूही आहे. एलझेडआरची किंमत ५५० डॉलर होती आणि तो मोजक्याच शर्यती टिके. जिथे पन्नास मीटरचा तलाव मिळणे हीच चैन आहे, अशा ठिकाणच्या खेळाडूला हा खर्च परवडणारा नव्हता. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये सोळाव्या वर्षी बीजिंगला पोहला. पण आशियाई स्पर्धेतले जलतरणाचे पदक, २४ वर्षांनी भारताला मिळालेले, त्याने बंदीनंतर मिळवले: २०१० मध्ये ग्वांगझूला, पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्य.

बंदी योग्यच होती. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि महिलांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, पाणी झिरपणारे विणलेले कापड, हा नियम आजही पुरेसा आहे. चूक झाली ती नोंदवहीत. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ मध्ये पुढे सरकवला, तेव्हा ॲथलेटिक्सने नव्या भाल्यासाठी विक्रमांची नवी यादी सुरू केली आणि उवे होनची १०४.८० मीटरची फेक जुन्या यादीत सन्मानाने ठेवली. जलतरणाने २०१० मध्ये असे काही केले नाही. सूटमधले आणि सूटविनाचे विक्रम एकाच रांगेत राहिले. सिंगापूरची जागतिक स्पर्धा संपली तेव्हाही दोनशे मीटर फ्रीस्टाइलच्या विश्वविक्रमापुढे बीडरमानचेच १:४२.०० लिहिलेले होते, शेजारी कसलीही खूण नसताना.