खाल्लेल्या पानांची बाग

सोलापुरात फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटली की पहिली अडचण पाण्याची येते. वर्षाला जेमतेम पडणारा पाऊस, मे महिन्यात ४३ अंशांपर्यंत चढणारा पारा आणि काही दिवसांआड येणारा नळ. एवढ्या नाजूक पंखांचा जीव इथे कशाला फिरकेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तो येतो, आणि पावसाळा सरता सरता तर मुबलक येतो. फक्त बागेचा विचार फुलापासून नव्हे, पानापासून सुरू करावा लागतो.

मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही फुलावर उतरतं. झेंडू चालतो, सदाफुली चालते, वाटेकडेची एकदांडीसुद्धा चालते. अंडी घालताना मात्र मादी फार चोखंदळ असते. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी ते चाचपते आणि त्या पायांनीच पानाची चव घेते. झाड चुकीचं असेल तर क्षणात उडून जाते. लिंबू फुलपाखराला लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात. घरोघरी फोडणीसाठी लावलेला कढीपत्ता त्याच कुळातला, आणि ज्याची पानं श्रावणात इथल्या सिद्धेश्वराच्या देवळात वाहिली जातात तो बेलही त्याच कुळातला. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं अंडं असतं. त्यातून निघालेली अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे पाहतही नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून शेंदरी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तीन-चार आठवड्यांत तिचं फुलपाखरू होतं. तेवढ्या काळात कढीपत्त्याच्या काही डहाळ्या बोडक्या होतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरातलं कुणीतरी औषधाची बाटली घेऊन बाहेर येतं.

या घडीलाच बाग आपली परीक्षा घेते, असं मला वाटतं. पंखांवर प्रेम करायचं आणि अळीची किळस करायची, हे एकाच जिवाचे दोन तुकडे करण्यासारखं आहे. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनामच्या जंगलात जाऊन काढलेल्या चित्रांचा ग्रंथ १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये छापला. त्यातलं मोठेपण असं की तिने फुलपाखरू एकटं रंगवलं नाही. अळी, कोश आणि अळी ज्या झाडावर जगते ते झाड, असा सगळा संसार ती एकाच पानावर मांडते. पुढे १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी याच नात्याचं शास्त्र सांगितलं. झाडं विष तयार करतात, काही अळ्या ते पचवायला शिकतात, आणि मग त्या अळीचं सगळं कूळच त्या झाडाशी बांधलं जातं.

याचा पुरावा सोलापूरच्या कुठल्याही माळावर मिळेल. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ पडते ती रुई जनावरंही तोंडात धरत नाहीत. पण डॅनस क्रिसिपस या नारिंगी फुलपाखराची अळी तिच्यावरच वाढते. रुईचं विष ती अंगात साठवते आणि ते पंखांपर्यंत पोचतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. त्या धाकाचा फायदा दुसरंच एक फुलपाखरू घेतं. हायपोलिम्नास मिसिपस या जातीची मादी स्वतः बिनविषारी, पण तिचं रूप थेट या नारिंगी फुलपाखराचं. तिच्या अळ्या वाढतात घोळीवर, म्हणजे आपण भाजीला आणतो आणि कुंडीत उगवली की उपटून टाकतो त्या घोळीवर. कुंपणाबाहेर रुई आणि कुंडीत घोळ राहू दिली, तर अस्सल आणि नक्कल दोघंही एकाच अंगणात उतरू शकतात. या दोन्ही झाडांना नळाच्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही.

सोलापुरात राहून फुलपाखरांचं नुसतं कौतुक करणं मात्र पुरेसं प्रामाणिक नाही. हा डाळिंबाचा जिल्हा आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबात शिरून दाणे पोखरणारी अळी ही एका देखण्या फुलपाखराचीच अळी आहे. फळ गळून पडू नये म्हणून ती त्याला देठाशी रेशमाने बांधूनही ठेवते. कर्ज काढून बाग उभी केलेल्या शेतकऱ्याने तिचं कौतुक करावं, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याची लढाई पोटाची आहे. पण शहरातल्या घराची गोष्ट वेगळी. कढीपत्त्याची चार पानं गेल्याने आपली भाकरी जात नाही. परसात डाळिंब असलंच, तर फळांना पिशव्या बांधता येतात.

किड्यांकडे पाहून शिकणं इथे नवं नाही. याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेवर वाचल्या जाणाऱ्या एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. त्यांत दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, कोळी आहे, किड्याला कोंडून ठेवणारी कुंभारीणही आहे. तिच्या ध्यासाने किडा तिच्याच रूपाला पोचतो, अशी ती जुनी धारणा. प्रत्यक्षात कुंभारीण अळ्यांना दंश करून मातीच्या घरट्यात ठेवते, ते आपल्या पिल्लांना खाऊ म्हणून. म्हणजे अंगणातली अळी तिचीही अन्नदाती आहे. फुलपाखरू मात्र त्या चोवीसांत नाही. असतं, तर त्याने काही निराळं शिकवलं असतं. कोशात अळीचं बहुतेक शरीर विरघळतं, पण पंखांच्या पेशींचे पुंजके तिच्या अंगात आधीपासूनच असतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पतंगावर झालेल्या प्रयोगात असं दिसलं की अळीपणी ज्या वासाची धास्ती बसवली, तो वास पंख फुटल्यावरही तो टाळत होता. एवढ्या उलथापालथीतूनही आठवण टिकते. मग अळी वेगळी आणि फुलपाखरू वेगळं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

येत्या जूनमध्ये रोपवाटिकेत गेलात तर फुलांच्या कुंड्यांआधी लिंबाचं किंवा बेलाचं एक रोप घ्या. पावसानंतर आपोआप उगवलेला टाकळा उपटू नका, पिवळ्या आणि फिकट हिरव्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावर वाढतात. भांडी विसळलेलं साबण नसलेलं पाणी एका कोपऱ्यातल्या मातीवर ओता. ओल्या चिखलातले क्षार शोषायला नर तिथे जमतात. आणि कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, तर औषध फवारू नका.