सोसणे म्हणजेच सब्र काय?

आपल्या घरांत 'सब्र' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, हे कधी मोजून पाहावे. मूल पडले, सब्र कर. नोकरी सुटली, सब्र कर. मुलीला सासरी जाच होतो, सब्र कर. दाढ ठणकते, सब्र कर. इतक्या निरनिराळ्या प्रसंगांना एकच शब्द लावला की त्याचा अर्थ पातळ होत जातो. शेवटी त्याचा अर्थ एवढाच उरतो, की गप्प बस आणि सोस. उपाय हाताशी असताना वेदना सोसत राहणे, याला सब्र म्हणता येईल काय, हा प्रश्न मला या लेखात तपासायचा आहे. त्यासाठी उदाहरण घेते आहे अक्कलदाढेचे. विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. पण मोठ्या दुःखांत आपण धर्म, दैव, समाज अशा अनेक गोष्टी मिसळतो. लहान दुखण्यात आपली विचार करण्याची पद्धत अधिक स्वच्छ दिसते.

प्रथम या दाढेच्या नावाविषयी. मराठीत अक्कलदाढ, उर्दूत अक़्ल दाढ. फारसी आणि अरबीतही हिचा संबंध अकलेशीच जोडलेला आहे, आणि लॅटिनमध्येही तिला शहाणपणाचा दात म्हणतात. साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात, माणूस जाणता होऊ लागतो त्या काळात, ती उगवते, म्हणून हे नाव. तुर्की लोक तिला सरळ 'वीस वर्षांचा दात' म्हणतात. जपानी भाषेतील नावाचा अर्थ 'आईबापांना ठाऊक नसलेला' असा आहे, कारण ती येते तेव्हा मूल आईबापांच्या नजरेखालून निघून गेलेले असते.

दाढ आली म्हणून कुणाला अक्कल येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. काहींना ती जन्मभर येत नाही आणि ती माणसे काही कमी शहाणी नसतात. खरी अडचण जागेची असते. बत्तीस दातांतले हे शेवटचे चार. तोवर जबड्यात जागा उरलेली नसेल तर दाढ आडवी वाढते, पुढच्या दाढेला टेकते आणि अर्धी हिरडीखालीच अडकते. त्या अर्धवट झाकलेल्या हिरडीखाली अन्नाचे कण साठतात, ब्रश तिथे पोहोचत नाही, सूज येते, पू होतो, तोंड उघडेनासे होते. काही दिवसांनी सूज उतरते आणि माणूस म्हणतो, बरे झाले. पण कारण जागच्या जागी असते, म्हणून दुखणे पुन्हा येते. शेजारची चांगली दाढही पुष्कळदा किडते.

माझी खालची डावी दाढ अशीच अडकलेली होती. पहिल्यांदा गाल सुजला तेव्हा घरात हशा झाला. "बेटी, अब अक्कल आने लगी तेरी," असे फुफी म्हणाली. पस्तिशी ओलांडलेल्या, बी.एड. झालेल्या शिक्षिकेला हे ऐकावे लागणे गमतीचेच होते. मग लवंग आली, मिठाच्या गुळण्या आल्या आणि पाठोपाठ नेहमीचा सल्ला आला, "सबर कर, कम हो जाता." लवंगेच्या तेलात वेदना बधिर करणारे द्रव्य असते, तेव्हा लवंग काही खोटी नाही. पण ती दाढेला सरळ करू शकत नाही.

फुफीने हा सल्ला वरवर दिलेला नव्हता. तिने स्वतःच्या दाढा वर्षानुवर्षे अशाच सोसल्या. दुखऱ्या दाढेवर मशेरी लावायला सुरुवात झाली. दाढ गेली, मशेरी मात्र राहिली. आमच्या सोलापूरकडे अशा कितीतरी बाया सापडतील. तरुणपणी दाढ दुखली, घरात डॉक्टरकडे न्यायला कुणाला सवड नव्हती, पदरात पैसा नव्हता, आणि तंबाखूची डबी मात्र हाताशी होती. नातेवाइकांत आजही फुफीची तारीफ होते, की इतके दुखायचे पण तोंडातून कधी हूं निघाला नाही. ही तारीफ ऐकताना मला नेहमी वाटते, की तिच्या सब्रची स्तुती करणाऱ्यांपैकी एकाने तरी तिला रिक्षात बसवून दवाखान्यात नेले असते तर?

वेदना घालवणे म्हणजे ईश्वरी योजनेत ढवळाढवळ, ही समजूत केवळ आपल्यात आहे असे मात्र नाही. भूल देण्याच्या शोधाचा इतिहास दाताच्या दुखण्यापासूनच सुरू होतो. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल जगासमोर आणली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतिणींसाठी क्लोरोफॉर्म वापरले आणि लगेच धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्यांना लिहावी लागली. प्रसूतीच्या कळा देवाने दिल्या आहेत, त्या माणसाने का काढाव्यात, हा तो आक्षेप. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले आणि वादाची धार कमी झाली. म्हणजे जी गोष्ट सामान्य बाईने मागितली तर आक्षेपार्ह, ती राणीने घेतली की स्वीकारार्ह! सोसण्याचा उपदेश नेहमी कुणाला केला जातो, हे यावरून कळते.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. सब्रचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून आपण हजरत अय्यूब यांचे नाव घेतो. परंतु कुरआनातील त्यांची कथा नीट आठवावी. ते मुकाट बसले नाहीत. आपल्याला त्रास होत आहे हे त्यांनी रबसमोर बोलून दाखवले. त्यावर त्यांना नुसते धीर धरायला सांगितले गेले नाही. जमिनीवर पाय मारायला सांगितले, आणि जे थंड पाणी निघाले ते अंघोळीसाठी आणि पिण्यासाठी होते. वेदना बोलून दाखवली, सांगितलेला उपाय केला आणि तरीही त्यांना साबिर म्हटले गेले. मग दाढ दुखते असे म्हणणारी सून बेसब्र कशी ठरते?

दुसरी गोष्ट उंटाची. एका माणसाने पैगंबरांना (सल्ल.) विचारले, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून ठेवू? उत्तर मिळाले, की आधी बांध आणि मग भरवसा ठेव. तिरमिजीच्या संग्रहातील ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. पण तिच्यातील एका शब्दाकडे मी वर्गात शिकवताना नेहमी लक्ष वेधते. 'बांध' यासाठी तिथे जे क्रियापद आले आहे, ते 'अक्ल' याच धातूचे आहे. उंटाचा पाय बांधायची दोरी म्हणजे 'इकाल'. अरब लोक डोक्यावरच्या रुमालावर जी काळी दोरी बसवतात, तिचेही नाव तेच. म्हणजे आपली अक्कल मुळात दोरीच आहे. जे भरकटू शकते ते बांधून ठेवणारी. आणखी नवल असे, की 'सब्र' या अरबी शब्दाचा मूळ अर्थही रोखणे, आवरणे असाच आहे. निमूट झिजणे असा तो नाही. दोन्ही शब्दांत स्वतःला योग्य जागी धरून ठेवणे हा भाव आहे. तेव्हा अक्कल सोडून सब्र करता येईल, ही कल्पनाच मला चुकीची वाटते. उंट बांधायची दोरी हातात असताना ती न वापरता तो पळाल्यावर शांत बसणे, हा सब्र नव्हे.

यावर कुणी म्हणेल, मग सब्रला जागा उरली कुठे? दुखले की डॉक्टर आणि काढली की सुटका, असेच ना? तसे नाही. सहामाही परीक्षा संपल्यावर मी दाढ काढून घेतली, तेव्हा सब्रची खरी जागा मला दिसली.

दाढ काढणे तसे सोपे. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाईंनी दाढेची मुळे आणि जबड्यातून जाणारी नस किती जवळ आहेत हे दाखवले. खालचा ओठ काही काळ बधिर राहण्याचा थोडा धोका असतो, तोही सांगितला. इंजेक्शनने जबडा बधिर केला, हिरडीला छेद दिला, थोडे हाड कोरले, दाढेचे दोन तुकडे करून ते बाहेर काढले आणि टाके घातले. जोर लावल्याचे कळत होते, दुखत नव्हते. कापडाची घडी दातांखाली दाबून मी घरी आले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. बाईंनी बजावले होते, "मॅडम, आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिला जपायचं. जीभसुद्धा लावायची नाही." ती गुठळी म्हणजे नव्या मांसाचा आणि हाडाचा पाया. ती निसटली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका सुरू होतो. हे सगळे बुद्धीला पटते, पण जीभ वारंवार तिथेच जाते. सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक असते, म्हणून मन घाबरते, की काही बिघडले तर नाही? पहिला दिवस बाहेरून बर्फ लावायचा, चोवीस तासांनंतर कोमट मिठाचे पाणी. गार दूध, दही-भात, पातळ खिचडी. वुजू करताना जोराने कुल्ली करण्याची लहानपणापासूनची सवय. ती रोखून पाणी तोंडात हलकेच फिरवून ओघळू द्यावे लागले. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या बाईला दोन दिवस खुणांनी बोलावे लागले. आठवड्याने टाके निघाले. हिरडी भरायला काही आठवडे आणि आतले हाड भरायला काही महिने लागतात, ते कुणाच्या घाईने लवकर होत नाही.

या दिवसांत जे करावे लागते ते सब्र. उपाय झाला आहे, आता शरीराला त्याचा वेळ द्यायचा आहे, आणि आपली घाई, आपली जीभ, आपली भीती बांधून ठेवायची आहे. उपायाला टाळून केलेला धीर आणि उपायाच्या बाजूने उभा राहणारा धीर, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अकलेची ही दोरी उपाय करणाऱ्यालाही हवी. दहाव्या शतकात कुर्तुबाचे शल्यवैद्य अबुल कासिम अज़-ज़हरावी यांनी आपल्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथात दात उपटण्याच्या हत्यारांची चित्रे दिली. त्याबरोबरच घाई न करण्याचा इशाराही दिला. दुखरा दात कुठला याविषयी रोग्याची फसगत होते आणि अडाणी न्हावी चांगलाच दात उपटतात, ही त्यांची तक्रार होती. आजचे शास्त्रही वेगळे बोलत नाही. त्रास न देणाऱ्या, निरोगी अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० मध्येच सांगितले. शरीर अमानत आहे, म्हणून त्याला उगाच कापू नये, आणि अमानत आहे म्हणूनच ते कुजूही देऊ नये.

काही दुःखांना मात्र उपाय नसतो. गेलेले माणूस परत येत नाही. झिजलेले गुडघे पूर्वीचे होत नाहीत. तिथे सोसणे हेच सब्र आणि त्याची थोरवी मी नाकारत नाही. पण उपाय नाही हे आधी तपासावे लागते. न तपासता सब्रचा शिक्का मारणे हा आळस आहे, आणि पुष्कळदा दुसऱ्याचा खर्च वाचवण्याची युक्ती आहे.

माझ्या वर्गात सातवीतली एक मुलगी गाल धरून बसली होती. विचारले तर म्हणाली, "टीचर, अम्मी बोली सबर कर." तिची अक्कलदाढ नव्हती, किडलेली दाढ होती. आई विडी वळणारी, मजुरी बुडवून तिला दवाखान्यात नेणे जमत नव्हते. त्या आईला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दातांचा विभाग आहे आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांचे दातही तपासले जातात, ही माहिती तिला देणे आमचे काम होते. भारतातले पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले. दुखरा दात ही वाट्याला आलेली सजा नसून बरा करण्याजोगा आजार आहे, ही समज देशात रुजवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. आपल्या मुलांना हे नाव निदान ठाऊक तरी असावे.

या सगळ्यातून मी एक साधा नियम काढला आहे. सब्र हा शब्द माणसाने स्वतःला सांगावा, दुसऱ्याला सांगू नये. स्वतःला सांगितला तर तो बळ देतो. दुसऱ्याला सांगितला तर बहुधा आपली जबाबदारी झटकतो. दुसऱ्याच्या वेदनेपुढे आपले कर्तव्य आधी विचारपूस आणि मग उपाय हे आहे. आपल्या दस्तरखानावर कोण एकाच बाजूने चावते, कोण गरम चहा टाळते, कोण लवंग तोंडात धरून झोपते, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा पाहावे. बहुतेक घरांत ती अम्मी असते किंवा भाभी, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही.