पंचामृतातला मध आणि वाडीतली माशी





होळी झाली. वाघ नदीचं पाणी पार तळाला गेलं. बांध्यांमधली लाखोळी, जवस घरी आली आणि आता सगळ्यांचे हात वाडीत गुंतलेत. कोहळं, काकडी, कारलं, चवळी, भेंडी. वेलांना मांडव, आळ्यांत शेणखत, सकाळ-संध्याकाळ पाणी. ज्यांनी मधपेट्या ठेवल्या त्यांची धावपळ तर विचारूच नका. पळस संपत आला, कडुनिंब फुलावर आहे, पुढे करंज येईल. या दिवसांत पेटीतल्या माश्या भराभर वाढतात. वेळेवर जागा करून दिली नाही तर जुनी राणी निम्मं घर घेऊन निघून जाते. ज्याची पेटी गेली त्यालाच कळतं.

अशा दिवसांत आपल्या ग्रुपवर एक फोटो आला. पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा खच. खाली चार कडक शब्द. मग उत्तर, मग उत्तराला उत्तर. शेवटी ॲडमिनदादांनी रात्री ग्रुप बंद ठेवला. दोघांचा बांध एक, पाण्याचा पाट एक आणि गुरू एक. पण गेल्या गुरुवारी आरतीला एक खांबाच्या अलीकडे बसला आणि दुसरा पलीकडे. प्रसाद घ्यायलाही एकत्र आले नाहीत. नाव घ्यायचं कारण नाही, सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून या वेळचं प्रवचन माशीवरच करायचं आम्ही ठरवलं.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतात. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली, ती इ.स. 1573 मध्ये काशीला पूर्ण झाली. त्या 24 गुरूंमध्ये मधमाशी आहे हे आपल्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण थोडं पुढे, मध्ये एक हत्ती येऊन गेला की, मध काढून नेणारा माणूससुद्धा गुरूंच्या यादीत आहे. बहुतेक कीर्तनांत माशी सांगतात आणि या माणसाला सोडून देतात. आम्हाला वाटतं, या वर्षी त्याच्याकडेच बघायची जास्त गरज आहे.

आधी माशी. ती एका फुलावर बसून राहत नाही. इथून थोडं, तिथून थोडं. फूल मोडत नाही, पाकळी चुरगळत नाही. साधूनंही असंच घरोघरचं थोडं घ्यावं, कोणाच्या चुलीवर भार टाकू नये, असं अवधूत शिकले. आपल्याकडे शिकणारी मुलं पूर्वी पाच घरं मागायची, त्याला माधुकरी म्हणतात. हा शब्दच मधुकरावरून आला. मागणारा दारातून गेल्यावर घरच्या बाईला आपल्या भाकरीत काही कमी झाल्यासारखं वाटू नये, अशी ती रीत.

आता वाडीत या. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलामागे इवलंसं कोहळं आधीच असतं, पण नराचा पराग तिथं पोचला नाही तर ते पिवळं पडून गळतं. त्या दोन-चार तासांत हे काम करतं कोण? मुख्यतः हीच माशी. म्हणजे ती फुलाकडून घेते तेव्हाच फुलाला देऊनही जाते. हे आम्ही कोहळ्याच्या आळ्यापाशी उकिडवं बसून पाहिलं, आणि भागवतातली गोष्ट पहिल्यांदा नीट कळल्यासारखी वाटली.

आम्ही त्या दोन्ही दादांकडे जाऊन आलो. ज्यांनी फवारलं त्यांचंही ऐका. बियाणं उधारीचं, लाल भुंगेऱ्यांनी कोवळ्या पानांची चाळण केली, दोन ओळी साफ गेल्या. माणूस घाबरतो. दुकानातून डबा आणला आणि सकाळी सातला फवारणी केली, कारण तेव्हा ऊन नसतं. पण तीच वेळ माशीची. भुंगेरे मेले, माश्याही मेल्या, आणि आज त्यांच्याच वेलावर करंगळीएवढी कोहळी पिवळी होऊन गळताहेत. सध्या घरचे लोक पहाटे नर फूल तोडून मादी फुलाला लावत फिरतात. हातानं किती वेल होणार? नुकसान बांधाच्या दोन्ही बाजूंना झालं आहे. यात पापी कोण हे शोधत बसण्यापेक्षा पुढचं बघू.

लहान रोपांवर भुंगेरे आले तर सकाळी दवात ते सुस्त असतात, हातानं वेचता येतात. चुलीची राख चाळून ओल्या पानांवर भुरभुरायची, ही आपल्या आजीची रीत. त्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क. आणि काहीही फवारायचं असो, दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. आदल्या दिवशी पेटीवाल्याला एक फोन. तो रात्री पेटीचं दार जाळीनं बंद करेल आणि दुसऱ्या दिवशी काही तास वर ओलं गोणपाट टाकून माश्या आत सांभाळेल. एका फोनचं काम आहे. आपण रोज सकाळी सुविचार पन्नास जणांना पाठवतो, हा एक निरोप शेजाऱ्याला पाठवायला जड जाऊ नये.

आता तो मध नेणारा माणूस. लोभ्यानं कष्टानं साठवलेलं, ना खाल्लेलं ना दिलेलं, शेवटी दुसराच घेऊन जातो, असं अवधूत त्याच्यावरून शिकले. पण आज त्या माणसाच्या जागी आपण उभे आहोत.

दर गुरुवारी पादुकांवर पंचामृत घालतो. दूध घरचं, दही घरचं, तूप ओळखीचं. मध कुठला? रानातल्या आग्या मोहोळाखाली रात्री टेंभा लावतात. माश्या होरपळून खाली पडतात. पोळं अख्खं कापतात आणि पिळतात. त्यात मधाबरोबर अंडी, अळ्या सगळं पिळलं जातं. तो बाटलीत भरून येतो आणि आपण घासाघीस करून स्वस्तात घेतो. ज्यानं काढला तो गरीब आहे, उंच झाडावर जीव धोक्यात घालतो, त्याला शिव्या देऊ नका. पण तोच मध हातात घेऊन आपण मंत्र म्हणतो, हे आम्हाला बोचतं.

असं करावंच लागतं का? नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं माश्या न मारता आग्या मोहोळाचा मध काढण्याची पद्धत रानातल्या लोकांना शिकवली आहे. अंगात जाळीचा पोशाख, थोडासा धूर, आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा. पिल्लांचा भाग फांदीला तसाच राहतो, माश्याही राहतात, मध पुन्हा भरतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

पेटीवाल्यांनाही सांगणं आहे. वरच्या कोठीतला मध आपला, खालच्या पिलाव्याच्या घरातला त्यांचा. पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा त्यांना तोच पुरवायचा असतो. यंदा भाव चांगला आहे म्हणून खालचीही फ्रेम उचलू नका.

मोह वेचायला जाणाऱ्या माय-भगिनींनो, झाडाखालचा पाला पेटवू नका. आग रानात शिरते आणि मोहोळं, पाखरं, सगळं घेऊन जाते. झाडून घ्या, किंवा जुनी लुगडी नाहीतर जाळी बांधा. फुलंही स्वच्छ मिळतात.

आपल्यातले काही म्हणतात, वाडीच्या कामात पारायण चुकतं. अरणचे सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले. आजही पंढरीहून विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. तेव्हा पारायणाचा हिशोब देव बघेल.

येत्या गुरुवारी आरतीनंतर, ऊन उतरल्यावर, भरलेली पेटी दोन भागांत विभागायचं काम आहे. नवी पेटी ठेवायला बांधापलीकडच्या दादांनी आपल्या मांडवाजवळ सावलीची जागा दिली आहे. बोलणं अजून दोघांचं सुरू नाही, पण जागा दिली. स्टॅंडच्या पायांखाली पाण्याच्या चार वाट्या लागतील, मुंग्या चढू नयेत म्हणून. एक उथळ परात आणि थोडे गोटे, माश्यांच्या पाण्यासाठी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणा. येताना अत्तर, वासाचं तेल लावू नका, काळे कपडे घालू नका आणि लहान मुलांना दहा हात लांब बसवा.

जय गुरुदेव.